गच्चीवर आपला वेगळा सोलर संच, की सगळ्यांचा मिळून एक?

सोलर घ्यायचे की नाही हा प्रश्न तुमच्यापुरता सुटला आहे असे धरून लिहितो. किलोवॉट, युनिट, नेट मीटरिंग (बाहेर दिलेली वीज बिलातून वळती करणे) हे शब्दही ओळखीचे असतील. गाडी अडते ती पुढे, त्यातही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची: गच्चीच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर स्वतःचे पॅनेल लावावेत, की सोसायटीने मिळून एकच मोठा प्रकल्प उभारावा आणि त्यात हिस्सा घ्यावा? आमच्या विंगमध्ये यावर बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी सामायिक प्रकल्प झाला. माझा हिस्सा त्यात आहे. आवारातल्या शेजारच्या विंगने मात्र गच्ची वाटून घेतली आणि ज्याने त्याने आपापला संच लावला. शिवाय माझ्या बहिणीचे घर स्वतंत्र आहे, तिच्या छपरावर तिचा स्वतःचा संच आहे. मी जे सांगणार आहे ते या तीन गच्च्यांवर पाहिलेले. तुमची गच्ची वेगळी असेल तर उत्तरही वेगळे निघू शकते.

आधी स्वतंत्र संचाबद्दल, कारण त्याची बाजू खरोखर भक्कम आहे. बहिणीने हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा आणि बॅटरीही सांभाळणारा) आणि बॅटरी घेतली आहे. लाइन गेली तरी तिच्याकडे फ्रिज, दिवे, पंखे चालू राहतात. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीविना थेट वीज कंपनीच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेला, असेल तर लाइन गेल्यावर तोही बंद पडतो, डोक्यावर लख्ख ऊन असले तरी. तारांवर काम करणाऱ्याला आपल्या छपरावरून शॉक बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते आणि ती योग्यच आहे. पण अनेकांना हे संच बसल्यावर कळते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सामायिक प्रकल्पात प्रत्येक फ्लॅटला असा बॅकअप देणे जवळपास अशक्य. फार तर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे बॅटरीवर घेता येतात. लाइन वारंवार जाणे हीच तुमची मुख्य अडचण असेल, तर तुमचे उत्तर बहुधा इथेच मिळाले.

दुसरी गोष्ट वीज मोजण्याची. स्वतःच्या मीटरमागे संच असला की दुपारची वीज आधी घरात खर्च होते, उरली तर बाहेर जाते. बहीण कपड्यांचे मशीन आणि पंप दुपारीच लावते, त्याचे कारण हेच. सामायिक प्रकल्पात तयार झालेली वीज ग्रिडमध्ये जाते आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे युनिट प्रत्येकाच्या बिलात वळते होतात. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. ही सोय तुमच्याकडे नसेल, तर सामायिक प्रकल्प फक्त कॉमन मीटरला जोडता येतो. मग फायदा मेंटेनन्समध्ये दिसतो, घरच्या बिलात नाही. आणि बाहेर दिलेल्या युनिटला विकत घेतलेल्या युनिटपेक्षा बराच कमी दर मिळत असेल, तर हिशेब स्वतंत्र संचाकडे सरकतो. हा नियम आधी विचारून घ्या. पॅनेल कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

एवढे सगळे स्वतंत्र संचाच्या बाजूने असूनही मी दुसरीकडे गेलो, ते सावलीमुळे.

पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि स्ट्रिंगमधले, म्हणजे एका माळेतले, पॅनेलही तसेच. एका सेलवर सावली आली की त्याच्याबरोबर जोडलेल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. सेल तापून खराब होऊ नये म्हणून पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड (प्रवाहाला आडवाट देणारे छोटे भाग) असतात. ते अडलेला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, पण त्या भागाची वीज गेलीच. जुन्या पद्धतीच्या पॅनेलमध्ये हातभर सावलीने पॅनेलचा तिसरा हिस्सा बसतो. आता मिळतात त्या हाफ-कट (अर्धे कापलेले सेल असलेल्या) पॅनेलचे दोन अर्धे समांतर जोडलेले असतात, त्यामुळे नुकसान जरा कमी होते. थांबत मात्र नाही. बहिणीच्या छपरावर बाथरूमचा एक व्हेंट पाइप आहे, मनगटाएवढा जाड. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा दुपार कलली की त्याची सावली शेवटच्या पॅनेलवर चढते. मोबाइलवरच्या आलेखात रोज त्याच सुमारास घळ पडलेली दिसते. तिने पाइप आखूड करून घेतला आणि घळ गेली. छप्पर तिचे, पाइप तिचा, काम एका सकाळचे.

आता हेच वाटून घेतलेल्या गच्चीवर पाहा. शेजारच्या विंगमध्ये एका घराने आपले स्ट्रक्चर, म्हणजे पॅनेल बसवायचा सांगाडा, डोक्याच्या उंचीवर नेले. खाली बसायला जागा होते, हवा खेळती राहते. पॅनेल २५ अंशांच्या वर तापले की दर अंशाला क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते, त्यामुळे खालून हवा मिळणे चांगलेच; म्हणजे त्या माणसाचे काही चुकले असे नाही. पण त्या उंच स्ट्रक्चरची सावली हिवाळ्यात मागच्या घराच्या पॅनेलवर पडू लागली. मागच्याने स्ट्रक्चर उचलायचे ठरवले, तर त्याची सावली तिसऱ्यावर. ज्यांच्या वाट्याला टाकीजवळचा तुकडा आला होता, त्यांना हा त्रास पहिल्या दिवसापासून होता. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या होत्या, कुणी कुणाला फसवले नव्हते, तरी बोलणे तुटले ते तुटलेच. आमचा निर्णय तेव्हा व्हायचा होता. मी दोनदा तिथे वर जाऊन उभा राहिलो आणि माझ्यापुरता प्रश्न मिटला.

यावर तांत्रिक उपाय आहेत. मायक्रो-इन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर, म्हणजे पॅनेलखाली बसणारी छोटी उपकरणे, लावले की प्रत्येक पॅनेल आपापले काम करते आणि एकामुळे सगळी स्ट्रिंग खाली येत नाही. पण ज्या पॅनेलवर सावली आहे त्याला ऊन कुणी आणून देत नाही. शिवाय तेवढी इलेक्ट्रॉनिक्स तापलेल्या पॅनेलखाली राहतात आणि बिघडली तर पॅनेल उचलून काढावी लागतात.

आमच्या विंगने गच्चीला एकच जागा मानले. टाकी आणि लिफ्टच्या खोलीची सावली जिथे फिरते तो पट्टा मोकळा सोडला; आता तिथे वाळवणाच्या दोऱ्या आहेत. आजच्या पॅनेलची नुसती काच १ किलोवॉटला ५ चौरस मीटरच्या आसपास लागते. ओळींमधले अंतर आणि चालायची वाट धरली की सपाट गच्चीवर त्याच्या दीड-दोनपट जागा जाते. ही वाट प्रत्येकाने आपल्या तुकड्यात वेगळी सोडायची, की सगळ्यांत मिळून एकदाच, याने बराच फरक पडतो. थोडी सावली आमच्याकडेही येते, पण ती सगळ्यांच्या युनिटमधून सारखी वजा होते. त्यावरून भांडण झालेले मला आठवत नाही.

सफाईचेही तसेच. पॅनेल वरून स्वच्छ दिसले तरी खालच्या चौकटीशी वाकून पाहा. भुरभुर पाऊस पडून गेला की धूळ ओघळून तिथे साचते आणि वाळून चिखलाची बोटभर रुंद पट्टी होते, नेमकी सेलच्या शेवटच्या ओळीवर. पॅनेल कमी उताराने लावले असतील तर हे हमखास होते. आमच्याकडे एक माणूस ठरलेला आहे. तो सकाळी काच थंड असताना सगळी गच्ची पुसून जातो. शेजारी निम्मे संच चकाचक असतात आणि निम्म्यांकडे कुणी फिरकत नाही, कारण घरमालक परगावी.

सामायिक प्रकल्पाचा खरा त्रास वेगळा आहे: सभा. प्रत्येक गोष्टीला बैठक, प्रत्येक बैठकीत नव्याने सुरुवात. घाई असेल तर या वाटेला न गेलेले बरे. दुसरी भीती अशी, की सगळ्यांचे ते कुणाचेच नाही. तिच्यात तथ्य आहे, पण हिस्सा कागदावर स्पष्ट असला तर ती बरीच कमी होते. गुजरातमधल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. पॅनेल ज्याच्या त्याच्या शेतात, पण उरलेली वीज संस्थेमार्फत एकत्र ग्रिडला विकायची. मालकी वेगळी ठेवून जोडणी एक करता येते, हे मला त्या उदाहरणातून पटले. मोठे आवार किंवा वस्ती असेल तर असा मधला मार्गही तपासून पाहा.

सामायिक प्रकल्पात जाणार असाल तर करारात तीन गोष्टी आधीच लिहून घ्या. फ्लॅट विकला तर हिस्सा फ्लॅटबरोबर जाणार की वेगळा विकता येणार. इन्व्हर्टर बदलण्यासाठी दरमहा किती बाजूला काढायचे. पॅनेलची हमी २५ वर्षांची असली तरी इन्व्हर्टर बहुधा १० ते १५ वर्षांत बदलावा लागतो. आणि गच्ची गळू लागली तर पॅनेल काढून परत लावण्याचा खर्च कुणाचा. वॉटरप्रूफिंग जुने झाले असेल तर ते आधी करून घ्या. आणि सगळी क्षमता एका इन्व्हर्टरवर न टाकता दोनांत विभागा, म्हणजे एक बंद पडला तरी निम्मी वीज चालू राहील.

छप्पर पूर्ण तुमचे असेल, किंवा बॅटरीशिवाय भागत नसेल, तर बहिणीसारखा स्वतःचा संच घ्या, बिनधास्त. गच्ची दहा जणांची असेल तर माझे मत सामायिककडे झुकते. तरी कुठलाही नकाशा मंजूर करण्याआधी ऐन हिवाळ्यात एकदा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने वर जा आणि टाकीची सावली खडूने आखून ठेवा.