रॉमध्ये नऊ महिने: अजिंठा, कास आणि भरलेली हार्ड डिस्क

दोन वर्षांपूर्वी अजिंठ्याला गेलो तेव्हा सगळे फोटो जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये काढले होते. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला आणि मन खट्टू झालं. दिव्यांचा पिवळेपणा भिंतभर पसरलेला, आणि तो काढायला जावं तर चेहराच राखाडी पडायचा. आत फ्लॅशला बंदी आहे, तेव्हा आहे त्या उजेडातच भागवायचं.

गेल्या डिसेंबरात पुन्हा गेलो. तोच कॅमेरा, तीच लेन्स, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 3200, फक्त फाइल रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. घरी डार्कटेबल या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सची, म्हणजे उजेडाची रंगछटा सुधारण्याची पट्टी हळूहळू निळ्याकडे सरकवली. पिवळा पडदा बाजूला झाला, गेरूचे तांबूस-तपकिरी थर सुटे दिसू लागले, मागची विरलेली हिरवट छटाही. मी कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

यात जादू काही नाही. जेपेग बनवताना रंग, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस कॅमेराच ठरवतो आणि उरलेली माहिती टाकून देतो; प्रत्येक रंगाला गडद ते फिक्या अशा 256 पायऱ्या उरतात. माझ्या कॅमेऱ्याची रॉ फाइल 14 बिटची, म्हणजे 16,384 पायऱ्या. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती नोंद असते, ती नंतर कितीही वेळा बदला. लोक सावल्या उजळण्यासाठी रॉचं कौतुक करतात. मला मात्र रंगांचं हे स्वातंत्र्यच जास्त मोलाचं वाटतं.

रॉची सुरुवात मी सप्टेंबरात कासला केली होती, आणि तिथे एक महत्त्वाची गोष्ट कळली. उन्हातल्या सोनकीच्या पिवळ्या फुलांवर कॅमेरा सारखा 'जळलं' (जास्त उजेडाने तपशील गेले) म्हणून लुकलुकत होता. कॅमेऱ्यावरचा हा इशारा आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) फोटोसोबतच्या जेपेगवरून बनतात, त्यामुळे रॉमध्ये पाकळ्यांचे तपशील शाबूत निघाले. त्याच फोटोतले पांढरे ढग मात्र खरोखरच जळाले होते, ते कशानेच परत आले नाहीत. एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, जागेवरच नीट घ्यावं लागतं, रॉ घेतलं म्हणून त्यातून सुटका नाही.

त्रासही आहे. 24 मेगापिक्सेलचा जेपेग साधारण 10 एमबीचा, तर रॉ 28च्या आसपास. 64 जीबीचं कार्ड पूर्वी अख्खी सहल पुरायचं, आता तिसऱ्या दिवशी दुसरं घालावं लागतं. भिगवणला चित्रबलाकांचा थवा उडाला तेव्हा सलग फोटो घेता घेता बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा) भरला, कॅमेरा अडला आणि नेमका वळणावरचा क्षण गेला. उडत्या पक्ष्यांसाठी मी आता जेपेगवरच येतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी घाबरू नये: रॉ पहिल्यांदा उघडली की फिकी, निर्जीव दिसते. तिच्यावर अजून काम व्हायचं असतं, म्हणून ती तशी दिसते. मी 'रॉ + जेपेग' ठेवतो, कारण आईला संध्याकाळी मुक्कामावर पोचल्या पोचल्या फोटो व्हॉट्सॲपवर हवे असतात आणि तिला आठवडाभर थांबवणं मला पटत नाही.

वेळ मात्र लागतो. अजिंठ्याचे 60 फोटो निवडून पुरे करायला मला चार रविवार लागले. सतराव्या लेण्याचे अजून तसेच पडून आहेत. तिथे दारातला दिवसाचा उजेड आणि आतला दिवा एकाच भिंतीवर पडतात, त्यामुळे अर्ध्या भिंतीला एक व्हाइट बॅलन्स आणि अर्धीला दुसरा द्यावा लागतोय.