सातबारा आणि किल्ली: बॅकस्टेज व टेलिपोर्ट आठ महिने एकत्र वापरल्यावर

नोकरी सोडून दीड वर्ष झालेल्या माणसाची एसएसएच की (सर्व्हरवर दुरून शिरायची डिजिटल किल्ली) आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर चालू सापडली, तेव्हा बॅकस्टेज (कोणती सर्व्हिस कोणाची, याची नोंदवही) आणि टेलिपोर्ट (सर्व्हरवर कोणी शिरायचं हे ठरवणारं टूल) जोडायचा घाट घातला. साठेक सर्व्हिसेस, नऊ टीम, आणि सगळ्यांना मिळून एकच बॅस्टियन, म्हणजे सर्व्हरकडे जायचा मधला दरवाजा. कोणाला कुठवर शिरता येतं, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी नव्हतं.

बांधणी साधी आहे. स्पॉटिफायने २०२० मध्ये ओपन सोर्स केलेल्या बॅकस्टेजमध्ये प्रत्येक सर्व्हिसची एक यामल फाइल (साध्या मजकुरातली नोंद) असते आणि तिच्यात ‘ओनर’, म्हणजे ती सर्व्हिस सांभाळणारी टीम. आमची स्क्रिप्ट तो ओनर उचलून टेलिपोर्टमधल्या सर्व्हरला टीमचं लेबल लावते. सकाळी लॉगिन केलं की आपल्या ग्रुपप्रमाणे रोल आणि १२ तासांचं सर्टिफिकेट, म्हणजे तात्पुरती किल्ली, मिळतं. दुसऱ्या टीमच्या सर्व्हरवर जायचं तर रिक्वेस्ट टाका, ती ओनर टीमकडे जाते. कायमची की कोणाकडेच नाही. माणूस गेला, एसएसओतलं (सगळीकडे चालणाऱ्या एकाच लॉगिनचं) खातं बंद केलं, की नवं सर्टिफिकेट मिळणं थांबतं. सेशन रेकॉर्डिंगवर आधी कुरकुर झाली. आता ‘काल नक्की काय चालवलं होतं’ हे बघायला लोक स्वतःच ते उघडतात.

तिसऱ्या महिन्यात मात्र तोंडावर आपटलो. रात्री दोनला रिकन्सिलिएशनचा (हिशेब जुळवण्याचा) जॉब अडकला, ऑन-कॉलने (त्या रात्री ड्युटीवर असलेल्याने) रिक्वेस्ट टाकली, आणि ती गेली रिऑर्गमध्ये (टीमच्या फेररचनेत) विसर्जित झालेल्या टीमकडे. ग्रुपमध्ये एकही माणूस नाही, मंजुरी देणार कोण? सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आणि जमीन कसतोय तिसराच, तसला प्रकार. शेवटी आणीबाणीचं खातं वापरून आत शिरलो. ते खातं आधीच करून ठेवलं होतं म्हणून वाचलो. तुम्ही पहिल्याच दिवशी करा.

चूक टूलची नव्हती, फेरफार न नोंदवणाऱ्या आमची होती. पूर्वी ओनर चुकला तर फार तर चुकीच्या चॅनेलवर मेसेज जायचा, आता दारच उघडत नाही. म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) तपासणी घातली: ओनर ग्रुप अस्तित्वात हवा, त्यात किमान दोन माणसं हवीत. रोज रात्री ती सगळ्या कॅटलॉगवर (बॅकस्टेजमधल्या सर्व नोंदींवर) पुन्हा चालते, कारण रिऑर्गमध्ये यामलला कोणी हात लावत नाही.

एक दुखणं अजून आहे. ओनरच्या रकान्यात एकच नाव बसतं, आणि आमचा जुना पोस्टग्रेस डेटाबेस चार टीम वापरतात. भांडून झाल्यावर तो प्लॅटफॉर्म टीमच्या, म्हणजे आमच्या, नावावर चढला. चौघांच्याही रिक्वेस्ट आता रात्री माझ्याच फोनवर वाजतात.