सगळ्यांच्यात मिसळून नाटक: माझ्या मुलीचा पावसाळ्यापासूनचा अनुभव (नाशिक)

माझी मुलगी २२ वर्षांची आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा कमी), व्हीलचेअर वापरते, बोलते पण सावकाश आणि शब्द ओढत. गेल्या पावसाळ्यात तिला इथे नाशिकमध्येच एका नाटकाच्या ग्रुपला घातलं, आता उन्हाळा लागलाय, म्हणजे चांगलं-वाईट दोन्ही सांगण्याइतके दिवस नक्की झालेत. ग्रुप फक्त दिव्यांग मुलांचा नाहीये, निम्मी मुलं दिव्यांग आणि निम्मी कॉलेजची नाटकवेडी पोरं, आणि मला जे सांगायचंय ते सगळं या निम्म्या-निम्म्यामुळेच झालंय.

सगळ्यात मोठा फायदा आधी सांगते. सीपी असलेल्या मुलांचं वाक्य सहसा कोणी पूर्ण होऊ देत नाही. घरात प्रेमापोटी, तिने "मला पा" म्हटलं की आजी पाण्याचा ग्लास घेऊन हजर, आणि बाहेर घाईपोटी, दुकानदार तर तिच्याकडे न बघता मलाच विचारतो की यांना काय हवंय. नाटकात हे चालतच नाही, कारण समोरच्याचा क्यू म्हणजे हिच्या डायलॉगचा शेवटचा शब्द, तो आल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही, उघडलं तर सीन तिथेच पडतो. तिच्याबरोबर सीन करणारा मुलगा सुरुवातीला मध्येच बोलायचा, ग्रुपचे सर ओरडायचे नाहीत, फक्त "पहिल्यापासून" एवढंच म्हणायचे. काही आठवड्यांनी त्या पोराने स्वतःच वाट बघायची युक्ती काढली, नाटकात ही भाजीवाली आहे, तर ती बोलत असताना तो मेथीची जुडी उचलतो, उलटीपालटी करतो, वास घेतो, परत ठेवतो, म्हणजे तिचा वेळ हा सीनचाच भाग झाला. स्पेशल मुलांच्या वेगळ्या क्लासमध्ये हे झालं असतं असं मला वाटत नाही, कारण तिथे थांबायला शिकवायचं कोणाला?

आणि यामागे शरीराचं पण कारण आहे. सीपीमध्ये टेन्शन आलं किंवा घाई झाली की आधीच कडक असलेले स्नायू अजून आवळतात, जबडा, जीभ, श्वास सगळंच, म्हणून पटकन बोल म्हटलं की ती उलट अजून अडकते. इथे कोणी मध्ये तोडणार नाही हे माहीत असल्यामुळे श्वास शांत राहतो आणि शब्द जास्त स्पष्ट येतात, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. डायलॉग श्वासाप्रमाणे तोडून म्हणायचा हे तिला स्पीच थेरपीत आधीपासून शिकवत होते, पण घरी ते करायचा तिला कंटाळा यायचा, आता भाजीच्या भावावरून भांडायचंय म्हटल्यावर स्वतःहून करते. पण म्हणून थेरपी बंद करू नका हं, नाटक हे नाटक आहे, फिजिओ आणि स्पीच आमचं चालूच आहे.

नाटक मुलांनीच बसवलं, इम्प्रोव्हायजेशन करत करत (म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं बोलून बघत), गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. ही भाजीवाली. बाजारात सगळे खाली बसतात म्हणून कोणीतरी सुचवलं की हिला पण खाली पोत्यावर बसवू, छान दिसेल, तर ती सरळ नाही म्हणाली, "मी खुर्चीवरच बसणार, भाजी टेबलवर ठेवा." ठेवली. तिने असं मोठ्या माणसांसमोर ठामपणे सांगितलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि हे आता घरी पण आलंय, परवा काका तिच्यादेखत मला विचारत होते की ही लग्नाला येणार का, तर तिने सांगितलं मला विचारा. मला इतकं बरं वाटलं!

बाकीच्या मुलांसाठी पण बऱ्याच गोष्टी केल्यात. एक मुलगा अंध आहे, त्याच्यासाठी स्टेजवर काथ्याची दोरी चिकटपट्टीने बसवलीये, पायाला लागली की कळतं कडा आली. कर्णबधिर मुलीचा क्यू आवाजावर नाही, लाइट बदलला की तिची एन्ट्री, आणि तिच्यामुळे अख्खा ग्रुप थोडी थोडी साइन लँग्वेज शिकला, ब्रेकमध्ये चहा घेताना पण हात चालू असतात. मोठा आवाज अचानक आला की माझ्या मुलीचं सगळं अंग दचकून उडतं (हे सीपीमध्ये बऱ्याच जणांना होतं), म्हणून ढोल वाजायच्या आधी ढोलवाला तिच्या नजरेसमोर येऊन हात वर करतो. यातल्या कशालाच फार पैसे लागले नाहीत.

आता "यात पुढे काय" हे मला नातेवाईक सतत विचारतात. लंडनमध्ये ग्रेआय नावाची दिव्यांग कलाकारांची कंपनी १९८० पासून चालू आहे, बरीच वर्षं तिच्या दिग्दर्शिका राहिलेल्या जेनी सीली स्वतः कर्णबधिर, आणि २०१२ च्या पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी त्या एक. आपल्याकडे राज्य सरकारची दिव्यांग बालनाट्य स्पर्धा आहे, चांगली गोष्ट आहे, पण ती लहान मुलांची, मोठं झाल्यावर काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे आणि कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनात बरोबरीने भाग घेण्याचा हक्क लिहिलाय, म्हणजे ही काही कोणाची मेहेरबानी नाही. शिरवाडकर आणि कानेटकरांच्या गावात तर असे ग्रुप चार-पाच तरी हवेत, सिडकोत वेगळा, नाशिकरोडला वेगळा.

तक्रारी. पहिला प्रयोग ज्या हॉलमध्ये झाला तिथे स्टेजवर जायला फक्त पायऱ्या होत्या, चार जणांनी तिला खुर्चीसकट उचललं, तिला ते अजिबात आवडत नाही आणि पडायची भीती वेगळीच. त्यानंतर ग्रुपने ठरवलं की प्रयोग जमिनीवरच करायचे, प्रेक्षक तीन बाजूंनी. टॉयलेटचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे, तालमीच्या जागेत व्हीलचेअर आत जाईल असं नाहीये, त्यामुळे ती दुपारपासून पाणीच कमी पिते, उन्हाळ्यात हे बरोबर नाही आणि मी हे दर वेळी बोलते. इंदिरानगरहून रिक्षाचा खर्च ग्रुपच्या फीपेक्षा जास्त होतो. परीक्षा आल्या की कॉलेजची मुलं गायब, मग निम्म्या-निम्म्याचा तोलच जातो आणि तालमी नुसत्या गप्पांच्या होतात. तालमीच्या दुसऱ्या दिवशी ती खूप दमलेली असते, पाय आखडतात, तेव्हा त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. ज्या मुलांना गोंगाट सहनच होत नाही त्यांना हा ग्रुप जड जाईल, आधी सरांशी बोला, ते अशा मुलांना बाजूच्या खोलीत दोघा-तिघांबरोबर सुरुवात करून देतात.

पालकांना तालमीत बसू देत नाहीत. मला हे पटतं, आई समोर असली की मुलं आईकडे बघून बोलतात. फक्त पहिल्या दिवशी बघायला परवानगी असते, तर त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवून एवढंच बघा की किती दिव्यांग मुलांना बोलायला वाक्यं आहेत आणि कितींना मागे झाड करून उभं केलंय. नाशिकमध्येच नाही, कुठेही असा ग्रुप बघायला गेलात तरी हेच बघा. आमच्याकडे नवीन मुलं जूनमध्ये, कॉलेजं सुरू झाली की घेतात.