डोक्याला मार लागल्यानंतर एकाचे दोन दिसणे : नौपाड्यातील नेत्रचिकित्सालयाचा अनुभव

माझा धाकटा भाऊ घोडबंदर रस्त्यावर दुचाकीवरून पडला. सीटी स्कॅन स्वच्छ आला, तरी त्याला प्रत्येक वस्तू एकावर एक अशी दोनदा दिसू लागली. एका चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून दिला गेला, त्याचा उपयोग झाला नाही आणि होणारही नव्हता. कारण कोणताही एक डोळा झाकला की त्याला सारे एकच आणि स्पष्ट दिसत होते, म्हणजे दोष नंबराचा नसून दोन्ही डोळ्यांच्या मेळाचा होता.

नौपाड्यातील या चिकित्सालयाच्या तिरळेपणा विभागात हे पहिल्याच भेटीत ओळखले गेले. तपासणाऱ्या बाईंनी त्याला मान आधी एका आणि मग दुसऱ्या खांद्याकडे झुकवायला सांगितली. उजवीकडे झुकवताच दोन प्रतिमांमधले अंतर वाढले. यावरून कळले की उजव्या डोळ्याची चौथी नस, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्यांपैकी चौथ्या जोडीतली नस, दुखावली होती. मेंदूच्या मागील बाजूने निघणारी ही बारीक नस कवटीच्या आत सर्वांत लांबचा प्रवास करते, म्हणून डोक्याच्या धक्क्यात ती सहज सापडते, आणि डोळा खाली वळवण्याचे काम तिच्याकडे असल्याने वाचताना व जिना उतरताना त्रास अधिक होतो, हे डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावले. अशा अपघातात दोन्ही बाजूंच्या नसा दुखावू शकतात, म्हणून डावा डोळाही तितक्याच बारकाईने तपासला, हे मला विशेष मोलाचे वाटते. पापणी खाली येणे, बाहुली मोठी होणे किंवा गुंगी वाढणे असे काही दिसले तर इथे न येता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, असेही त्यांनी बजावले.

शस्त्रक्रियेची घाई मुळीच केली नाही. अशी नस पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप सावरते, त्यामुळे किमान सहा महिने दर भेटीला हेस आलेख (प्रत्येक डोळा कोणत्या दिशेला किती वळतो हे दाखवणारा नकाशा) काढून मागच्याशी ताडून पाहायचा, असे ठरले. तोवर चष्म्याच्या काचेवर प्रकाशाची दिशा वळवून दोन प्रतिमा जुळवणारी पातळ प्रिझमची पट्टी चिकटवून दिली आहे. तिच्यातून थोडे धूसर दिसते, परंतु समोर पाहताना प्रतिमा एक होते आणि भाऊ पुन्हा कामावर जाऊ लागला आहे.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. चिकित्सालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याच्या काळसर पायऱ्यांच्या कडा निरोगी डोळ्यांनाही नीट उमगत नाहीत. ज्यांना खाली पाहताना दोन पायऱ्या दिसतात, त्यांच्यासाठी त्या कडांवर पिवळी पट्टी मारणे तातडीचे आहे. तोपर्यंत सोबत कोणाला तरी न्यावे आणि उतरताना एक डोळा झाकून कठडा धरावा.