पीएचडीचा अर्ज आणि कुडाळातलं झेरॉक्सचं दुकान : पाचपैकी चार स्टार

पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, सातबारा, रेल्वे तिकीट एवढंच लिहिलंय, त्यामुळे परदेशातल्या युनिव्हर्सिटीच्या पीएचडीचा अर्ज भरायला कोणी इथे येईल असं बघून तरी वाटणार नाही. पण माझा अर्ज इथूनच गेला आणि आता कॉलेजात कोणीही डॉक्युमेंट्सचं रडगाणं सुरू केलं की मी त्यांना इथेच पाठवते. एसटी स्टँडच्या बाजूच्या गल्लीत आत गेलात की दिसेल, भाऊ काउंटरला असतात आणि वहिनी आत कॉम्प्युटरवर. आधीच सांगते, माझं उत्तर अजून यायचंय, तेव्हा ॲडमिशन झालं म्हणून खुशीत स्टार वाटतेय असं नाही.

अर्ज कसला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सिंधुदुर्गातच नर्सिंगला शिकवते, आणि पीएचडी करायचीय ती हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशनमध्ये. म्हणजे आजारावर, औषधावर नाही तर डॉक्टर, नर्स, फिजिओ, डेंटिस्ट ही माणसं शिकतात कशी, त्यांना शिकवतात कसं, परीक्षा कशी घेतात, यावर संशोधन. घरी, शेजारी, अगदी कॉलेजातसुद्धा हे समजावताना माझा घसा सुकतो. शेवटी मी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं उदाहरण द्यायला लागले, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून त्यांनी केलेलं काम लॅन्सेट या परदेशी मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं हे कोकणात बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. ते झालं क्लिनिकल संशोधन. आता तीच माहिती पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, पोस्टिंगवर असलेल्या सेकंड इयरच्या पोरीपर्यंत पोचते का, समोर घाम फुटलेला पेशंट आणल्यावर ती कोणाकडे बघून शिकते, आणि सिस्टर नंतर तिला दोन शब्द समजावते की नुसती ओरडते, हा माझा विषय. वहिनींना हे एका दमात कळलं. म्हणाल्या, "म्हंजे शिकवणाऱ्याची परीक्षा." इतकं सुटसुटीत मला माझ्या प्रपोजलमध्ये लिहिता आलेलं नाही.

इथे येण्याआधी मी एका मोठ्या शहरातल्या कन्सल्टन्सीकडे गेले होते, नाव घेत नाही. एसी ऑफिस, भिंतीवर झेंडे, आणि फी अशी की त्यात आमच्याकडे मे महिन्यात घराचं रंगकाम होऊन जाईल. त्यांनी लिहून दिलेल्या स्टेटमेंट ऑफ पर्पजचं (हा कोर्स का करायचाय ते सांगणारं अर्जातलं निवेदन) पहिलंच वाक्य होतं की मला लहानपणापासून मानवतेची सेवा करायची आहे. दुसऱ्या परिच्छेदात मी हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये करिअर करू इच्छिणारी झाले होते! हा विषय एमबीए नाही आणि पब्लिक हेल्थ पण नाही हे मी सांगितलं तर तिथला पोरगा म्हणाला मॅडम ॲडमिशनची कमिटी एवढं वाचत नाही. अहो, या विषयातली कमिटी दुसरं करते काय? शिकवण्याबद्दल तुम्ही नीट विचार केलाय का तेवढंच तर ती बघते. तुमचा प्रश्न काय, तो पडला कुठून, आधी त्यावर कोणी काय केलंय, आणि तुमच्याकडे माहिती गोळा करायची सोय आहे का. मानवतेची सेवा त्यात कुठेच येत नाही.

आमच्या विषयात एक सूत्र आहे, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट युनिव्हर्सिटीच्या व्हॅन डर व्ल्यूटेन यांनी १९९६ साली मांडलेलं. परीक्षेची कुठलीही पद्धत किती कामाची हे बघायचं तर तिची विश्वासार्हता, ती नेमकं जे मोजायचं तेच मोजते का, शिकणाऱ्यावर तिचा परिणाम काय, लोकांना ती पटते का आणि खर्च किती, हे सगळं बघायचं. आणि गंमत म्हणजे यात बेरीज नाही, गुणाकार आहे, म्हणजे एक जागा शून्य झाली की बाकी कितीही झकास असू दे, उत्तर शून्य. कन्सल्टन्सीला मी हेच सूत्र लावलं. एसीला मार्क, कॉफीला मार्क, विषय कळण्याला शून्य.

आता दुकान. परदेशी अर्जात पहिली माशी शिंकते ती नावावर, आणि बायकांच्या बाबतीत तर हमखास. दहावीपासून एमएस्सीपर्यंत सगळं माहेरच्या नावावर, मार्कशीटवर आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव, वर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यात. वहिनींनी अर्जाचं पहिलं पान उघडलं आणि काहीही टाइप करायच्या आधी विचारलं, "बाईनू, आडनाव खंयचा घालूचा? म्हायारचा की सासरचा?" मग स्वतःच म्हणाल्या की पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न् अक्षर तसंच, आणि जुन्या नावासाठी राजपत्रातली नावबदलाची प्रत आणि मॅरेज सर्टिफिकेट दोन्ही जोडा. राजपत्राचा अर्ज पण ऑनलाइन इथेच भरून मिळतो. कन्सल्टन्सीने ही गोष्ट काढलीच नव्हती.

स्कॅनिंग बघण्यासारखं. पोर्टलला फाइल लहान लागते आणि आपण मोबाइलवर फोटो काढून पाठवतो तो एकतर अवजड नाहीतर वाकडा, वर अंगठा दिसतोय. भाऊ मार्कशीट काचेवर ठेवायच्या आधी काच कोरड्या फडक्याने पुसतात (पावसात दमटपणामुळे डाग येतो म्हणे), मागची बाजू कोरी असली तरी स्कॅन करतात, कारण ग्रेडचा खुलासा कधीकधी मागेच छापलेला असतो. सगळी पानं एका पीडीएफमध्ये, सालवार, आणि फाइलला नाव असं की उघडल्याशिवाय कळावं आत काय आहे. माझ्या एका सहीवर शिक्का पुसट आला होता तर म्हणाले, "ह्या चलाचा नाय," आणि पुन्हा केलं, दुसऱ्यांदाचे पैसे घेतले नाहीत.

शिफारसपत्रांचं मात्र दुकानाच्या हातात काही नाही, पण त्यांचा सल्ला लाख मोलाचा. आपल्याकडे सर सांगतात तूच लिहून आण, मी सही करतो. तिकडे बऱ्याच ठिकाणी लिंक थेट सरांच्या ईमेलला जाते, तीही संस्थेच्या ईमेलला, आणि आमच्या निम्म्या सरांचा संस्थेचा पासवर्ड त्यांना स्वतःला आठवत नाही. भाऊ म्हणाले आधी सरांना फोन करून त्यांच्याकडून एक मेल मागवून घ्या, तो आला की मगच पत्ता फॉर्मात घाला. पत्रं लिहून देता का असं मी गमतीत विचारलं तर वहिनी सरळ नाही म्हणाल्या, दुसऱ्याच्या लेटरहेडवर आम्ही काही टाइप करत नाही. इथे मला दुकान आवडलं.

कुठे अर्ज करावा हे दुकान सांगणार नाही, ते तुम्हालाच शोधायचंय. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला स्कूल ऑफ हेल्थ प्रोफेशन्स एज्युकेशन आहे, तिथे आपल्या देशात नोकरी करत करत पीएचडी करणारे बरेच असतात आणि प्रबंध म्हणजे मुख्यतः आपल्या पेपरांचा संच. बोस्टनच्या एमजीएच इन्स्टिट्यूटला पण याच नावाची पीएचडी आहे. भारतात करायची तर यूजीसीचे २०२२ चे नियम वाचा: कोर्सवर्क धरून कमीत कमी तीन वर्षं, मास्टर्सला ५५ टक्के, नोकरी करून पार्ट टाइम चालते पण संस्थेचं ना हरकत पत्र लागतं, आणि त्यात तुम्हाला संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल हे लिहिलेलं असावं लागतं. ऑनलाइन किंवा डिस्टन्सने पीएचडी द्यायला इथल्या संस्थांना परवानगी नाही, तेव्हा घरबसल्या पीएचडी अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. आणि परदेशी डिग्री प्रमोशनला धरतील का हे आपल्या संस्थेला आधी लेखी विचारा, तोंडी होकार कागदावर येईपर्यंत काही खरं नसतं.

थेट पीएचडीला उडी मारण्याआधी मुंबईला केईएमच्या जीएस मेडिकलमधली फायमरची (वैद्यकीय क्षेत्रातल्या शिक्षकांसाठीची) फेलोशिप बघा असं मी सगळ्यांना सांगते, २००५ पासून चालू आहे, दोन वर्षांची, आणि त्यात आपल्याच कॉलेजात एक शैक्षणिक प्रकल्प करावा लागतो. कमिटीला दाखवायला हातात काहीतरी केलेलं असतं. नुसत्या वर्कशॉपच्या सर्टिफिकेटांची चळत जोडून उपयोग नाही, ती स्कॅन करताना भाऊ पण कंटाळतात.

आता कापलेला स्टार. दुकानात इन्व्हर्टर आहे पण तो झेरॉक्स मशीनला पुरत नाही, त्यामुळे जून-जुलैत लाइट गेली की कॉम्प्युटर चालू आणि स्कॅनर बंद असा प्रकार, आणि नेट गेलं की दोन्ही असून नसल्यासारखे. डेडलाइनच्या दिवशी येऊच नका. शिवाय डेडलाइन तिकडच्या घड्याळाने असते, हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये रात्रीचे बारा म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, त्या वेळी दुकान कोण उघडणार? बारावीचा रिझल्ट लागल्यानंतरचे दिवसही टाळा, सगळ्या तालुक्यातली पोरं दाखल्यांसाठी तिथेच असतात, आणि चतुर्थीत तर भाऊ गावी, शटर खाली. गर्दीत तुमचा पासपोर्ट काउंटरवर सगळ्यांसमोर उघडा पडतो हेही मला पटत नाही. काम झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरून आपल्या फाइल्स समोर उभं राहून डिलीट करून घ्या, ते करतात, पण सांगावं लागतं. ईमेलमधून लॉगआउट तुम्हीच करा.

अपोस्टिलचं, म्हणजे आपला कागद परदेशात खरा धरावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचं, काम ते मुंबईच्या एजंटकडून करून देतात, कमिशन आहे. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे त्यामुळे नेदरलँड्ससारख्या देशाला एवढा शिक्का पुरतो, वेगळं एम्बसीत जावं लागत नाही. पण युनिव्हर्सिटी मागत असेल तरच करा, अर्जाच्या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी साधं स्कॅन चालतं आणि ओरिजिनल नंतर मागतात. मी अजून केलेलं नाही.

दुपारी दीड ते चार बंद. यूपीआय चालतं, पण सुटे पैसे जवळ ठेवा. आणि भाऊ प्रत्येकाला विचारतात तसं तुम्हालाही विचारतील, लॅमिनेशन करू काय म्हणून. ओरिजिनल मार्कशीटला अजिबात हो म्हणू नका, प्लास्टिकवर पुढे शिक्का बसत नाही.