स्विस ट्रॅव्हल पास: एप्रिल-मे, साठीपुढचं जोडपं आणि खरा हिशोब

स्वित्झर्लंडच्या जाहिरातींत दिसतो तो जुलै: हिरवी कुरणं, फुलांनी भरलेल्या वाटा, मोकळे डोंगरमाथे. आपल्याकडचे निवृत्त लोक मात्र उन्हाळा चुकवायला एप्रिल-मेमध्ये निघतात. त्या दिवसांत खाली चेरी फुललेली असते आणि दीड-पावणेदोन हजार मीटरच्या वर अजून बर्फ असतो. स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की नाही, याचं उत्तर या फरकात आहे. हे परीक्षण साठी ते पंच्याहत्तरीच्या जोडप्यांसाठी आहे. रोज तीन-चार तास चालायची हौस आहे, पण टूरच्या बसमध्ये सकाळी सातला बसून दिवसाला तीन ठिकाणं उरकायची नाहीत, अशांसाठी.

पास सलग 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो. 2025 चे दुसऱ्या वर्गाचे दर माणशी अनुक्रमे 244, 295, 379, 419 आणि 459 फ्रँक होते. दर वर्षागणिक बदलतात, तेव्हा घेताना ताजा आकडा बघाच. या एका पासात रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, तलावांवरच्या बोटी, शहरांतल्या ट्रॅम आणि 500 च्या वर संग्रहालयं येतात. पंचवीस वर्षांखालच्यांना सवलत आहे, ज्येष्ठांना काहीही नाही. युरोपभर चालणारा युरेलचा रेल्वे पास साठीपुढच्यांना दहा टक्के सूट देतो, स्विस मंडळी देत नाहीत. हे खटकतं.

दरांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. आठ दिवस 419, पंधरा दिवस 459. वरचे सात दिवस फक्त 40 फ्रँकमध्ये. म्हणजे हा पास घाईच्या प्रवाशाला महाग आणि निवांत प्रवाशाला स्वस्त पडतो. ज्याला रजा मोजून मिळते त्याला याचा उपयोग नाही, निवृत्तांना आहे.

आता दुसरा पर्याय. स्विस हाफ फेअर कार्ड, 2025 साली 150 फ्रँक, एक महिना चालतं, आणि जवळपास सगळी तिकिटं अर्ध्या दरात देतं. दोघांतलं काय परवडतं, हे काढायला साधा हिशोब पुरतो: पासच्या किमतीतून 150 वजा करा आणि उरलेल्याची दुप्पट करा. आठ दिवसांसाठी 538 येतात, पंधरासाठी 618. पासवर ज्या गाड्या-बोटी फुकट आहेत, त्यांची पूर्ण दराची तिकिटं मिळून एवढ्याच्या वर जाणार असतील तर पास, नाहीतर कार्ड. दर एसबीबी या स्विस रेल्वेच्या अ‍ॅपवर दिसतात. 618 म्हणजे पंधरा दिवसांच्या पासला दिवसाला 41 फ्रँक; ते वसूल होणं अवघड नाही, एक लांबची बोट आणि एक रेल्वेप्रवास पुरतो. आठ दिवसांच्या पासला मात्र दिवसाला 67 लागतात, आणि एकाच गावी मुक्काम ठोकून आसपास फिरणाऱ्याचे तेवढे होत नाहीत.

या हिशोबात डोंगरावरच्या गाड्या धरताना लोक हमखास चुकतात. रिगी, स्टान्सरहॉर्न आणि श्टोस हे तीन डोंगर पासवर पूर्ण फुकट. पिलाटुस, टिटलिस, गोर्नरग्राट यांना पासवर निम्मी सूट, पण तेवढीच हाफ फेअर कार्डावरही मिळते, तेव्हा त्यांना हिशोबातून वगळा. युंगफ्राउयोखचं तर उलटंच आहे: पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगनपर्यंत चालतो, त्यापुढे फक्त 25 टक्के सूट, आणि कार्डावर 50. युंगफ्राउयोख करायचंच, असं घरून ठरवून निघालेल्या जोडप्याने आधी कार्डाचा हिशोब मांडावा.

त्यातही युंगफ्राउयोख 3454 मीटरवर आहे, लेहच्या जवळपास उंच, आणि इंटरलाकेनहून तुम्ही दीड ते अडीच तासांत तिथे पोचता. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांश. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा, आणि वर गेल्यावर जिने भराभर चढू नका. ढग असतील तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. थेट कॅमेऱ्याचं चित्र सकाळी बघून मग तिकीट काढायचं, आठवडाभर आधी नाही.

वसंतातली खरी अडचण मात्र वेगळी. स्की हंगाम संपला की एप्रिल-मेमध्ये बरेच रोपवे दुरुस्ती-तपासणीसाठी बंद ठेवतात. वेंगनहून मेनलिखेनला जाणारा रोपवे एप्रिलमध्ये थांबतो तो मेअखेरीस सुरू होतो. पिलाटुसची आल्पनाखश्टाडहून चढणारी दातेरी रुळांची गाडी, 48 टक्के चढाची, हिवाळ्यात बंद असते आणि मेमध्ये चालू होते. क्रीन्सच्या बाजूचा रोपवे तेव्हा असतो. स्टान्सरहॉर्न साधारण एप्रिलच्या मध्यावर उघडतो. फुर्का, ग्रिम्झेल, सुस्टेन हे घाट तर जूनपर्यंत बर्फात असतात. प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर बंद असण्याच्या तारखा दिलेल्या असतात. हॉटेल ठरवण्याआधी त्या बघा, नंतर नाही.

मग वसंतात पास कशासाठी घ्यायचा? आमच्या मते चालणाऱ्या जोडप्यासाठी त्याचा खरा फायदा एकच: वाट कुठेही सोडता येते. गुडघा बोलायला लागला, पाऊस आला, कंटाळा आला, तर जवळच्या थांब्यावर उभं राहायचं आणि येईल त्या बसमध्ये चढायचं. तिकिटाची खटपट नाही, आणि ‘पैसे भरलेत तर पूर्ण करू’ हा हट्टही नाही. तेव्हा वाटा निवडायच्या त्या बस, बोट किंवा रूळ यांना लागून जाणाऱ्या.

लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबेर्ग ही त्यातली सर्वांत सोपी. साडेसहा किलोमीटरच्या आसपास, दरीच्या तळाने, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना उभे कडे. मेमध्ये बर्फ वितळत असतो, तेव्हा धबधबे भरात असतात. श्टाउबबाख जवळपास तीनशे मीटर पडतो. शेजारच्या रस्त्यावरून पोस्टबस जाते, म्हणजे अर्ध्यात सोडायची सोय. वाटेत त्र्युमेलबाखचा डोंगराच्या पोटातला धबधबा लागतो, त्याचं तिकीट वेगळं आणि आतल्या पायऱ्या ओल्या. बुटाचे तळ झिजले असतील तर तिथे कळतं.

जिनिव्हा तलावाकाठचे लावो भागातले द्राक्षमळे 2007 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. सां-सफोराँ ते लुत्री साधारण 11 किलोमीटर. खाली रिव्हाझ, क्युली अशी रेल्वेची ठाणी ओळीने आहेत. दगडी बांधांमुळे इथे उष्णता साठते, म्हणून एप्रिलमध्येही दुपारी टोपी लागते. वरून शेब्रहून उतरत यायची कल्पना आकर्षक वाटते, पण वाट फरसबंद आणि तीव्र उताराची. गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. सपाट, मधली वाट धरा.

ल्युसर्नच्या बाजूला फ्लुएलेन ते बाउएन ही उर्नर तलावाकाठची वाट घ्या. साधारण 10 किलोमीटर, रॉइस नदीच्या मुखाजवळच्या पाणथळ भागातून, फार चढ-उतार नाही. ‘स्विट्झर्लंडची वाट’ म्हणून 35 किलोमीटरचा जो मार्ग 1991 मध्ये देशाच्या सातशेव्या वर्षी केला, त्याचा हा तुकडा. इथे फसायला होतं ते परतीला: वसंताच्या वेळापत्रकात बाउएनला थांबणाऱ्या बोटी मोजक्या असतात. आधी परतीची बोट ठरवा, मग उलट मोजून निघायची वेळ काढा.

पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते. ती सपाटीला ताशी 4.2 किलोमीटर या वेगाने आणि विश्रांती न धरता काढलेली असते. तिला दीडने गुणा. पाटीवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर ती डोंगरवाट, मेमध्ये तिच्यावर सावलीच्या बाजूला कडक बर्फ सापडतो. पांढरा-निळा-पांढरा असेल तर सरळ मागे फिरा. चालायच्या काठ्या चेक-इनच्या सामानात टाका, हाताच्या पिशवीत सुरक्षा तपासणीला अडवतात.

फुकटच्या तीन डोंगरांत वसंतासाठी रिगीला पहिली पसंती. व्हिट्झनाऊहून चढणारी ही गाडी 1871 ची, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. ल्युसर्नहून बोटीने तासाभरात व्हिट्झनाऊ, तिथून अर्ध्या तासात 1798 मीटरवरचं कुल्म, म्हणजे रिगीचा माथा. वर बर्फ असला तर तिथे चालायचा हट्ट न धरता खालच्या काल्टबाड ठाण्यावर उतरा. तिथून शायडेगकडे जाणारी वाट जुन्या, 1931 मध्ये बंद झालेल्या रेल्वेच्या मार्गावरून आखलेली आहे. रेल्वेची वाट म्हणजे चढ बेताचाच. पुढे मोठा बर्फ लागला की आल्या पावली परत.

श्टोसची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, 110 टक्के चढाची, जगातली सर्वांत तीव्र. डबे नळकांडीसारखे गोल आणि फिरते, त्यामुळे पायाखालची जमीन सपाटच राहते. वरची प्रसिद्ध धारेवरची वाट मेमध्ये सहसा बर्फात असते, तेव्हा नुसती गाडी अनुभवायला जायचं असेल तर जा.

बोटींबद्दल दोन गोष्टी. दुसऱ्या वर्गाच्या पासवर खालचा मजला मिळतो, वरच्या डेकसाठी पहिल्या वर्गाचा फरक भरावा लागतो. आणि इंटरलाकेनला धक्के दोन आहेत: ब्रिएंझ तलावाची बोट ओस्ट स्टेशनमागून सुटते, थून तलावाची वेस्टजवळून. चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर बोट गेली. ब्रिएंझची बोट हिवाळ्यात बंद असते, वसंतात फेऱ्या कमी. ल्युसर्नहून इंटरलाकेनला रेल्वेने जाताना निघतानाच उजव्या खिडकीशी बसा. मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते, तरी त्याच खिडकीतून पुढे ब्रिएंझ तलाव दिसतो.

बर्निना एक्सप्रेस आणि ग्लेशियर एक्सप्रेसचं भाडं पासमध्ये येतं, आसनाचं आरक्षण नाही, आणि ते सक्तीचं आहे. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साध्या गाड्या तासातासाला जातात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि बऱ्याच डब्यांच्या खिडक्या उघडतात. एक्सप्रेसचं काचेचं छत ऊन पडलं की तापतं आणि फोटोत प्रतिबिंब येतं. आम्ही साधी गाडीच सुचवू. ग्लेशियर एक्सप्रेसमध्ये झरमाट ते सेंट मॉरिट्झ आठ तास बसायचं असतं. चालायला आलेल्यांनी एवढा वेळ बसून का घालवावा, हे कोडं आहे.

दोघांच्या मध्यम वेगासाठी आखणी अशी करावी. सुरुवात दक्षिणेकडे तिचिनो या कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात, कारण वसंत तिथे आधी येतो. लुगानो किंवा लोकार्नोत हॉटेलात मुक्काम केला की ‘तिचिनो तिकीट’ मिळतं, त्यावर त्या कँटनमधल्या गाड्या-बस फुकट. म्हणजे ते चार दिवस पास सुरूच करायचा नाही! झुरिक विमानतळाहून लुगानोचं एक तिकीट तेवढं सुटं काढायचं. लुगानोजवळ कास्तान्योला ते गांद्रिया ही ऑलिव्हची वाट तीनएक किलोमीटरची आहे, विमानप्रवासाचा शीण काढायला बरी. पास सुरू करायचा तो तिचिनो सोडायच्या दिवशी. बोगद्यातून जाणारी वेगवान गाडी सोडून जुन्या गोटहार्ड मार्गाची त्रेनो गोत्तार्दो पकडा. वाटेतल्या वासेन गावचं चर्च वळणांमुळे तीनदा दिसतं, आधी वर, मग समोर, मग खाली, किंवा उलट, तुम्ही कुठल्या बाजूने आलात त्यावर. पुढे ल्युसर्नला पाच रात्री, इंटरलाकेन परिसरात पाच. रोज सामान बांधायचं नाही. ठाण्यावर सामान पुढे पाठवायची सोय आहे, पण आज दिलं तर परवा मिळतं, म्हणून दोन रात्रींची पिशवी आणि सगळी औषधं जवळ ठेवा.

गाड्या बदलताना अ‍ॅप चार-पाच मिनिटांचे जोड दाखवतं. बॅगा आणि जिने धरून ते जमत नाही. पुढची गाडी धरा, पास कुठल्याही गाडीला चालतो. फलाटावर A, B, C असे विभाग लिहिलेले असतात आणि फलकावर पहिला-दुसरा वर्ग कुठे येणार ते दिसतं. पासपोर्ट सोबत हवा, तपासनीस पाससोबत मागू शकतो. फ्लेक्स पास, म्हणजे सलग नसलेले, सुटे दिवस निवडता येणारा पास, घेतला असेल तर प्रत्येक दिवस गाडीत चढण्याआधी ऑनलाइन चालू करावा लागतो. फोनवर ज्यांना अशी कामं नकोशी वाटतात त्यांनी सलग दिवसांचाच घ्यावा.

पाऊस लागला तर इंटरलाकेनहून सुमारे पन्नास मिनिटांत बर्न. तिथलं आइनस्टाइन संग्रहालय पासवर आहे. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. रविवारी दुकानंही बंद, फक्त मोठ्या स्टेशनांवरची उघडी. इस्टरनंतर 39 व्या दिवशी, गुरुवारी, असेन्शन या ख्रिश्चन सणाची सुट्टी येते आणि स्थानिक लोक चार दिवस जोडून बाहेर पडतात. तेव्हाच्या खोल्या सर्वांत आधी ठरवा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी 90 युरो, विमा किमान 30,000 युरोचा. रक्तदाब-मधुमेह विम्याच्या अर्जात लिहाच. न लिहिलेला आजार निघाला तर दावा नाकारतात. पास मात्र व्हिसा हाती आल्यावरच घ्या, तो महिनाभर आधी घेतल्याने स्वस्त होत नाही. तारखेचं विचाराल तर मेच्या पहिल्या आठवड्यात निघा: तिचिनो उबदार, स्टान्सरहॉर्न चालू, आणि धबधबे भरात येईपर्यंत तुम्ही लाउटरब्रुनेनला पोचलेले असाल.