कच्चे संकलन दाखवण्याची जागा : गंगापूर रोडवरील एका अभिप्राय-सत्राचे परीक्षण

लघुपट पूर्ण होण्याआधी तो अनोळखी माणसांना मोठ्या पडद्यावर दाखवता यावा आणि त्यांनी नेमके काय पाहिले, काय ऐकले हे शांतपणे समजून घेता यावे, अशी सोय नाशिकमध्ये गंगापूर रोडलगतच्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दोन संकलक ती चालवतात. आठवड्याचे इतर दिवस तेथे लग्नाच्या चित्रफिती आणि स्थानिक जाहिराती यांचे काम चालते. शनिवारची संध्याकाळ मात्र विद्यार्थ्यांच्या आणि नवोदितांच्या अपूर्ण कामासाठी राखून ठेवलेली असते. जागा लहान असल्याने तिचे नाव छापून येऊ नये अशी चालकांची इच्छा आहे आणि ती मी पाळत आहे. काही महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर त्यांचा कागद लागलेला असतो, त्यामुळे ज्याला शोधायचे आहे त्याला ती सापडेल. प्रायोगिक लघुपट करणाऱ्या विद्यार्थ्याने पैसे मोजून घ्यावी अशी ही सेवा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या लघुपटाच्या निमित्ताने आम्ही तेथे गेलो त्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण सत्राची उपयुक्तता कामाच्या प्रकारावर अवलंबून असते. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाण्याची पातळी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या शरीरावरून सांगतात. पाणी आधी त्याच्या पायांशी येते, मग गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत आणि गळ्यापर्यंत चढते. धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे हे आज भ्रमणध्वनीवर कळत असले, तरी गंगापूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की जुन्या नाशकातला माणूस आधी मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आले हेच विचारतो. १९६९ च्या, २००८ च्या आणि २०१६ च्या पुराच्या आठवणीही लोक याच मापाने सांगतात. आमच्या आठ मिनिटांच्या लघुपटात मात्र मारुती एकदाही दिसत नाही. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत घाटावरच्या एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून टिपलेल्या पायऱ्या आणि त्यांवर चढणारे-उतरणारे पाणी एवढेच पडद्यावर आहे. ध्वनी दोन प्रकारचे आहेत : तांबट आळीतील भांड्यांवरच्या हातोड्यांचे ठोके आणि घोटा, गुडघा, कंबर, छाती, गळा असे शब्द उच्चारणारा एक वृद्ध आवाज. यात ना कथानक आहे, ना पात्र, ना निवेदन.

अशा कामाला मिळणारा नेहमीचा अभिप्राय फारसा कामाचा नसतो. घरची माणसे प्रेमापोटी छान म्हणतात, मित्र गटावर टाळ्यांची चिन्हे पाठवतात आणि परीक्षक गुण देतात. तिन्हींचा हेतू चांगला असतो, पण त्यांतून करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कथा सांगणाऱ्या लघुपटात निदान शेवट कळला का, हे पात्र असे का वागले, असे प्रश्न विचारता येतात. कथाच नसेल तर बघणारा बावरतो आणि बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो : ‘मला समजले नाही’ असे म्हणून तो बाजूला होतो किंवा स्वतःच्या मनातला वेगळाच लघुपट आपल्याला सांगू लागतो. दुसरी वाट अधिक घातक आहे, कारण ती मदतीच्या रूपात येते आणि कच्च्या संकलनाच्या टप्प्यावर गोंधळलेला विद्यार्थी ती मदत मुकाट्याने स्वीकारतो.

गंगापूर रोडवरच्या या सत्राचे खरे मूल्य येथे आहे. चालकांनी अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये विकसित केलेली प्रतिसादाची पद्धत स्वीकारली आहे. नृत्यासाठी घडवलेली ही पद्धत पुढे नाटक, लेखन आणि अध्यापन अशा अनेक क्षेत्रांत वापरली गेली. तिच्यात तीन भूमिका असतात : काम करणारा, प्रतिसाद देणारे आणि सूत्रधार. टप्पे चार असतात. आधी प्रेक्षक त्यांना काय अर्थपूर्ण, लक्षवेधी किंवा आठवणीत राहणारे वाटले तेवढेच सांगतात. मग काम करणारा स्वतःचे प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रेक्षक प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नांत मत दडलेले चालत नाही. अगदी शेवटी मते येतात आणि तीही परवानगी घेऊनच. काम करणाऱ्याला ‘नको’ म्हणण्याचा अधिकार असतो. कागदावर हे सारे औपचारिक वाटते. प्रत्यक्ष खोलीत त्याचा परिणाम फार वेगळा होतो.

पहिल्याच टप्प्यात मागच्या रांगेतील एक विद्यार्थिनी म्हणाली, “ठोके थांबले ना, तेव्हा मला पाणी वाढल्यासारखं वाटलं. पडद्यावर ते वाढलेलं नव्हतं.” तिने कौतुक केले नाही आणि सूचनाही केली नाही, फक्त स्वतःला काय झाले ते सांगितले. आमच्या संपूर्ण संकलनाची दिशा त्या दोन वाक्यांनी बदलली. तोपर्यंत पाणी चढते तसे ठोके वाढवत नेण्याची रचना होती; आता पातळी बदलण्याच्या थोडे आधी ठोके थांबतात आणि उरलेले काम बघणाऱ्याच्या कानातली शांतता करते. ‘ध्वनी कमी करा’ असा सल्ला कोणी दिला असता तर आम्ही बहुधा ध्वनीची पातळी खाली आणून मोकळे झालो असतो.

त्याच टप्प्यात दुसरी गोष्ट घडली. आपल्या पुतण्याचा लघुपट पाहायला आलेले एक काका तांबट कुटुंबातले निघाले. ते म्हणाले, “ताई, हा ठोका भांडं घडवण्याचा नाही, मठारण्याचा आहे. भांडं तयार झाल्यावर त्याला मठार देतात, तेव्हा असा एकसारखा येतो.” घडवताना पडणारे ठोके जड आणि विस्कळीत असतात, तर मठारताना, म्हणजे तयार भांड्यावर शेवटचे ठोके देताना, ते हलके आणि ठेक्यात पडतात, हा फरक त्यांनी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर बोटांनी वाजवून दाखवला. चित्रपट शिकणाऱ्या प्रेक्षकांनी भरलेल्या खोलीत ही माहिती देऊ शकणारा तो एकच माणूस होता. आता आमच्या लघुपटाच्या पूर्वार्धात घडवण्याचे ठोके आहेत आणि पाणी ओसरू लागल्यावर मठारण्याचे. ही रचना त्यांच्यामुळे सुचली.

दुसऱ्या टप्प्यासाठी प्रश्न लिहून न्यावेत, असे चालक आधीच कळवतात आणि ते योग्यच आहे. आम्ही विचारले की शेवटच्या भागातला वृद्ध आवाज कोणाचा वाटतो. एकाला तो आजोबांचा वाटला, एकाला घाटावरच्या गुरुजींचा आणि एकीला थेट मारुतीचा. तिन्ही उत्तरे आम्हाला हवीहवीशी वाटली, त्यामुळे त्या आवाजाची ओळख करून देणारी ओळ शेवटच्या श्रेयनामावलीत टाकण्याचा विचार आम्ही सोडला.

तिसऱ्या टप्प्याची शिस्त सांभाळणे सर्वांत अवघड असते आणि सूत्रधाराची परीक्षा तेथेच होते. एका गृहस्थांनी विचारले, “पुरावर फिल्म आहे तर नारोशंकराची घंटा का नाही घेतली?” सूचना मुळीच वाईट नव्हती. नारोशंकर मंदिराची ती घंटाही पुराच्या पातळीची खूण मानली जाते आणि ध्वनीवर उभ्या असलेल्या लघुपटात ती आठवणे स्वाभाविक आहे. तरीही सूत्रधार ताईंनी त्यांना हसतमुखाने थांबवले आणि तोच मुद्दा मताशिवाय मांडायला सांगितला. थोडा विचार करून त्यांनी विचारले, “कोणते आवाज तुम्ही ठरवून बाहेर ठेवले?” पहिल्या प्रश्नाला आम्ही बचाव केला असता. दुसऱ्याला उत्तर देताना आम्हाला प्रथमच मोठ्याने सांगावे लागले की देवळाशी जोडलेला एकही ध्वनी आम्हाला नको होता, कारण मारुती न दाखवता त्याचे अंग फक्त शब्दांतून आणि माणसाच्या कामाच्या आवाजातून उभे करायचे होते. हे वाक्य पुढे आमच्या प्रकल्प-टिपणात जसेच्या तसे गेले.

चौथ्या टप्प्यात आम्ही लांबीविषयीचे मत ऐकले आणि पडद्यावर पुरांची वर्षे लिहिण्याविषयीचे ऐकायचे नाही असे सांगितले. नकार कोणालाही लागला नाही. ज्येष्ठ माणसाचे मत ऐकून न घेणे म्हणजे उद्धटपणा, असे मानणाऱ्या वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्यांना असा नकार देता येणे हे मला फार मोलाचे वाटते.

निवडक माणसांना बोलावून छोटे प्रायोगिक काम दाखवणे या जिल्ह्याला नवे नाही, हे येथे आठवते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट करण्याआधी कुंडीत वाटाणे पेरून कॅमेऱ्यासमोर ठेवले, महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपली आणि अंकुराचा वेल होईपर्यंतची वाढ एका मिनिटाच्या आसपासच्या चित्रफितीत उभी केली. ती त्यांनी मोजक्या लोकांना दाखवली आणि त्यांतल्या काहींनी त्यांना कर्ज देऊ केले. भांडवलासाठी केलेले ते प्रदर्शन होते, अभिप्रायासाठी नव्हे. पण न हलणारा कॅमेरा आणि वाट पाहण्याची तयारी एवढ्यावर लघुपट उभा राहू शकतो, याचा याहून जवळचा दाखला आम्हाला शोधावा लागला नाही.

तांत्रिक बाजू समाधानकारक आहे, एका गोष्टीचा अपवाद वगळता. प्रक्षेपक रेक ७०९ या रंगांच्या मानकाला आणि अंधाऱ्या खोलीला साजेशा २.४ गॅमाला (मधल्या छटा किती उजळ किंवा गडद दिसतील हे ठरवणाऱ्या मूल्याला) जुळवलेला आहे, त्यामुळे लॅपटॉपच्या उजळ पडद्यावर ठीक वाटणारा पावसाळी करडा रंग येथे खरा कसा दिसतो ते कळते. संदेशाच्या ॲपवरून पाठवलेली फाइल ते घेत नाहीत, कारण त्यात चित्र दाबले जाते. पेनड्राइव्हवर १९२० गुणिले १०८० ची चांगल्या बिटरेटची फाइल आणि ४८ किलोहर्ट्झचा ध्वनी मागतात. मोठ्या पडद्याचा उपयोग त्या दिवशी दाखवलेल्या दुसऱ्या एका लघुपटातही दिसला. दुकानातल्या दिव्यांखाली टिपलेल्या दृश्यात आडव्या पट्ट्या सरकत होत्या. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचे शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवले तर पट्ट्या टळतात, हे चालकांपैकी एकाने सत्रानंतर त्या मुलांना थांबून समजावले. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

अपवाद आहे तो खालच्या पट्टीच्या ध्वनीचा. खोली लहान, सबवूफर मोठा आणि भिंतींवर केवळ पडदे, त्यामुळे खोल आवाज फुगून येतात आणि त्यांच्याखाली बोललेले शब्द बुडतात. विनंती केल्यावर पातळी कमी करून दिली, पण ध्वनीवर आधारलेले काम घेऊन जाणाऱ्याने आधी पोहोचून दोन मिनिटे तपासणी करून घ्यावी आणि ध्वनीविषयीचे निर्णय केवळ या खोलीवरून घेऊ नयेत. वेळेचे नियोजनही सैल आहे. एका संध्याकाळी तीन लघुपट घेतले जातात आणि तिसऱ्याची पाळी येते तेव्हा चौथा टप्पा घाईत उरकला जातो. शक्य असेल तर पहिला क्रमांक मागून घ्यावा. टिपणे घेणारा स्वयंसेवक मेहनती आहे, परंतु तो प्रेक्षकांची वाक्ये सारांशाने लिहितो. ठोके थांबल्याविषयीचे ते मौल्यवान वाक्य त्याच्या कागदावर ‘ध्वनिरचना प्रभावी’ एवढेच उरले होते. सर्वांची परवानगी घेऊन भ्रमणध्वनीवर चर्चा ध्वनिमुद्रित करावी. चालकांची त्याला हरकत नसते.

विद्यार्थ्यांकडून एका लघुपटासाठी नऊशे रुपये घेतात, ओळखपत्र दाखवावे लागते. तीन-चार जणांच्या गटाने वाटून घेतल्यास ही रक्कम जड जाऊ नये. मात्र संकलन पक्के झाल्यावर, फक्त शाबासकीसाठी जाणार असाल तर ते पैसे वाया जातील. बदल करायला किमान पंधरा दिवस हातात असताना, रंग आणि ध्वनिमिश्रण बाकी असताना गेल्यास खरा उपयोग होतो. प्रकल्प सादर करण्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, शनिवार लवकर भरतात.

माझी मोठी तक्रार प्रेक्षकांच्या निवडीविषयी आहे. खुर्च्यांवर बसलेले जवळजवळ सगळे स्वतः लघुपट करणारे किंवा करू पाहणारे असतात. त्यांची नजर तयार असते, पण ती बरीचशी सारखी असते. तांबट आळीतले काका त्या दिवशी योगायोगाने आले होते. ज्या परिसरावर लघुपट आहे तेथील दोन माणसांसाठी प्रत्येक सत्रात विनामूल्य जागा राखावी, असे मी चालकांना सुचवले आणि दिवाळीनंतर तसे करून पाहण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. तोपर्यंत ही माणसे लघुपट करणाऱ्यांनीच शोधून, आग्रहाने बोलावून न्यावीत. दाराशी त्यांच्याकडून पैसे मागितले जात नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते.